बर्फावरून मतपेटीपर्यंत

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. पण मित्रांनो, मी घरात बसून राहणारी खुर्ची नव्हे. माझ्या पायांखाली लोखंडी पट्ट्या आहेत. जर्मनीतल्या आमच्या स्प्रेवाल्डचे कालवे गोठले की कुणीतरी मला मागून ढकलायचे आणि मी बर्फावरून सुसाट पळायचे!

कितो सुताराने मला त्याच्या बायकोसाठी, मार्यानासाठी घडवले. ती गावची सुईण, सगळ्यांची मावशी. तिचा एक पाय अधू होता. बोलावणे आले की मांडीवर पिशवी घेऊन ती माझ्यावर बसे. असे बेचाळीस हिवाळे गेले. मावशी पोहोचली की घरचे लोक आनंदाने माझ्याही पाठीवर थाप मारत.

मग १९१९ चा जानेवारी आला. महायुद्ध संपले होते, कैसर, म्हणजे आमचा सम्राट, देश सोडून गेला होता आणि नव्या प्रजासत्ताकाची पहिली निवडणूक होती. बायकांनाही पहिल्यांदाच मत होते! त्या रविवारी सकाळीच मावशीने सणाचा भरजरी रुमाल डोक्याला बांधला आणि मतपत्रिका सोबत घेतली; तेव्हा ती घरूनच न्यायची असे. कालव्यापलीकडच्या शाळेत मतदान होते.

आम्ही निघणार, तोच शेजारचा क्रिस्टो बुडार धावत आला. त्याच्या बायकोला, हांकाला, कळा सुरू झाल्या होत्या. मावशी तशीच त्याच्याकडे वळली.

दिवसभर मी बुडारांच्या दाराशी उभी होते. ऊन पडले, छपरावरचा बर्फ ठिबकू लागला आणि माझा जीव खालीवर होऊ लागला. कालव्यात नाव चालणार नाही इतका बर्फ अजून होता. पण तो आता किती वेळ वजन पेलणार? क्रिस्टो अंगणात येरझाऱ्या घालत होता. आदल्याच दिवशी तो सगळ्यांना सांगत होता की बायकांना मत दिले, तर लोणच्याच्या पिंपांनाही द्या. स्वतः मात्र सकाळी रांगेत पहिला उभा राहून मत देऊन आला होता.

तीन वाजून गेले आणि आत बाळ रडले. मुलगी झाली! पाठोपाठ हांकाचा थकलेला आवाज आला, "आता मावशींना शाळेत न्या."

क्रिस्टो म्हणाला, "बर्फ मऊ झालाय गं. एका मताने काय बिघडतंय?"

"मग सकाळी तुम्ही कशाला गेला होतात?" हांकाने विचारले.

क्रिस्टोने मावशीला बाहेर आणून माझ्यावर बसवले आणि माझ्या पाठीची मूठ धरली.

काय पळालो आम्ही! पट्ट्यांखाली पाणी उडत होते. निम्म्या वाटेवर बर्फ कडाडला. माझी उजवी पट्टी मोडली आणि मी एका बाजूला कलले. मावशीने मतपत्रिका उंच धरली. क्रिस्टो कमरेपर्यंत गार पाण्यात गेला, पण त्याने मूठ सोडली नाही. खांदा लावून त्याने आम्हा दोघींना काठावर लोटले आणि मावशीला पाठंगुळी घेऊन शाळेच्या पायऱ्या चढला.

दार उघडेच होते, म्हणून काठावरून मला सगळे दिसत होते. टेबलामागच्या युरो नावाच्या शिक्षकाने नियमाप्रमाणे नाव विचारले.

"मला नाव विचारतोस होय रे?" मावशी म्हणाली. "तुझ्या आईच्या आधी तुला मी पाहिलंय." मग ताठ उभी राहून तिने पूर्ण नाव सांगितले, "मार्याना नागोर्का." मतपत्रिका घातलेला लखोटा पेटीत पडला. भिजलेल्या क्रिस्टोने दारातच टोपी काढली.

मोडलेली पट्टी पुन्हा बसली नाही. तेव्हापासून मी कालव्याकाठच्या खोपटात आहे. अंगावर धूळ आहे, पाठीत वाळवी शिरली आहे. पुढच्या वर्षी जूनमध्ये पुन्हा निवडणूक झाली. फटीतून मी पाहिले, हांका स्वतः नाव वल्हवत मत द्यायला निघाली होती आणि काठावर क्रिस्टो रडणाऱ्या मुलीला खांद्यावर घेऊन थोपटत उभा होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडाला वर्षातून एकदा तेलाचा हात लावा, एवढे पुरे. आणि मतदानाच्या दिवशी तुमची आई घराबाहेर निघाली, तर धाकट्या भावंडाला तेवढा वेळ तुम्ही सांभाळा.