मोडू नये असा पाय

अनुजाचा पाय आला तेव्हा देवबागेतल्या प्रत्येकाने तो हातात घेऊन पाहिला. काळा, चपटा, कोयतीसारखा वाकलेला. खाली टाच नाही.

"टाच खंय आसा गो?" दाजींनी विचारलं. दाजी गावाचं गाऱ्हाणं घालतात. नवी होडी पाण्यात जावो की कुणाचा मुलगा दुबईला, देवापुढे उभं राहून गावाच्या वतीने बोलायचं काम त्यांचं.

"धावाक टाच लागणा नाय, दाजीनू."

"मगे चलतलंस कशी?"

"चलाक दुसरो आसा. ह्यो नुसतो धावाक."

"आमच्या निलेशाच्या गाडयेसारो," दाजी म्हणाले. "धावता बरी, थांबणा नाय."

अनुजाचा मूळचा पाय पर्यटकांच्या बोटीच्या पंख्याने गुडघ्याखाली नेला होता. बारावीच्या सुट्टीत ती त्या बोटीवर लोकांना लाइफ जॅकेटं बांधून द्यायला जायची. अपघाताची गंभीर दखल घेण्यात आली, म्हणजे किनाऱ्यावर ‘पंख्यापासून दूर राहा’ असा फलक लागला. पुढच्या पावसाळ्यात फलक वाहून गेला. त्याची दखल घ्यायची राहिली.

नवा पाय मुंबईच्या एका संस्थेने दिला होता, तोही वापरायला. पुण्याच्या निवड चाचणीत अनुजा पहिल्या तिघींत आली तर तो तिचा. नाहीतर तिच्याच वजनाची दुसरी मुलगी यादीत उभी होती. उभी म्हणजे, आपलं म्हणायचं.

ओहोटीच्या कडक वाळूवर ती रोज धावायची. पायाचं पातं दबायचं आणि तिला पुढे फेकायचं. बघायला येणारे टाळ्या वाजवायचे. तिचे वडील, परशुराम तांडेल, दर पावलाला डोळे मिटून घ्यायचे. फायबरच्या होड्या दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. होडीचा तळ हाताखाली असा दबू लागला की मालकाला सांगायचं, आता ही समुद्रात घालू नको.

"सर, ह्यो वाकता," त्यांनी विनीत सरांना सांगितलं. सर अनुजाचे प्रशिक्षक.

"वाकायलाच हवा, काका. वाकतो म्हणून तर ती धावते."

"होय, होय," परशुराम म्हणाले. बंधारा बांधायला आलेल्या साहेबालाही ते असंच होय होय म्हणाले होते. तो बंधारा आता समुद्रात आहे.

चाचणीच्या आधी देवळात गाऱ्हाणं झालं. पाय देवापुढे पाटावर ठेवला होता. दाजींनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू परमुलखात धावाक जाता. ह्या पायाक तडो जाव नये, खंय मोड येव नये..."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. परशुरामांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

दुसऱ्या दिवशी मायलेकी मालवणला बुटासाठी गेल्या. दुकानदार एक बूट विकेना, जोडच घ्या म्हणाला. तेवढ्या वेळात परशुरामांनी पाय शेडमध्ये नेला, पॉलिश पेपरने घासला आणि त्याच्यावर फायबरची जाळी आणि रेझिन चढवलं. वरून आणखी एक थर. उन्हात वाळवलं, कडा घासल्या, काळा रंग मारला. स्वतःच्या होडीला एवढी मेहनत त्यांनी कधी घेतली नव्हती. सांगितलं कुणालाच नाही. केलेलं काम बोलून दाखवायची त्यांची पद्धत नव्हती. होडी तरली की ती बोलते.

पुण्याला जाताना गाडीत अनुजाला रेझिनचा वास आला. पण घरातल्या पांघरुणांनाही तो वास असतो.

पुण्याच्या मैदानावर तिने पाय चढवला, चार उड्या मारल्या आणि थांबली. जमीन काही परत देईना. नुसता दणका थेट कमरेपर्यंत चढत होता.

विनीत सर वाकले, पात्यावरून नख फिरवलं. "हे कुणी केलंय?"

अनुजाने कडेला बोट लावलं. कुठे खरखर नाही, कुठे थेंब ओघळलेला नाही. एवढी साफ कड काढणारा माणूस त्या किनाऱ्यावर एकच होता.

"म्हायत नाय," ती म्हणाली.

"नाव मागे घेऊ. संस्थेला सांगू, तुझ्या बाबांनी..."

"बाबांचं नाव काढायचं नाही, सर." ती हे प्रमाण मराठीत म्हणाली. तिचा निर्णय झाला की ती मराठीत बोलायची.

"अगं, मग पाय जाईल."

"एक आधीच गेलाय."

ती धावली. बाकीच्या मुली उसळत होत्या, ती खुंटा ठोकल्यासारखी एकेक पाऊल जमिनीत मारत होती. शेवटची आली. निवेदकाने तिच्या जिद्दीचं कौतुक केलं. शेवटच्या नंबरला ते द्यायची रीत आहे.

देवबागेत गाडी थांबली तेव्हा परशुराम रस्त्यावर उभेच होते. त्यांनी आधी पाय मागितला, मांडीवर घेतला, टोकापासून टोकापर्यंत तळवा फिरवला.

"मोडलो नाय मा?"

"नाय, बाबा."

"तडो?"

"नाय."

त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी झोप लागलेल्या माणसासारखं काहीतरी आलं. मग त्यांना आठवण झाली. "नंबर?"

"बाकीची चेडवां फाष्ट होती."

"असांदे गो. पाय शाबूत आसा ना?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुका म्हणान सांगतंय. मी थर मारलंय ह्येका. तुका कळला पण नसतला."

"नाय कळला."

"बघ! पुढच्या खेपेक आणखी एक मारतंय."

संस्थेचा माणूस सोमवारी पाय न्यायला येणार होता; ते परशुरामांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. पातं तपासून पाहतील तेव्हा काय सांगायचं, हे विनीत सरांना अजून सुचलं नव्हतं.

"मारा," अनुजा म्हणाली, आणि चालायच्या पायावर घरात गेली. बाहेर दाजी आले होते. परशुराम त्यांना सांगत होते, देवान आयकल्यान.