सरांचा डबा

आमच्या राजूरच्या शाळेतले आदिनाथ सर पालकांकडून कपभर चहासुद्धा घेत नाहीत. गुरुपौर्णिमेला कोणी शाल-नारळ आणला, तर त्याला फाटकातूनच नमस्कार करून वाटेला लावतात. मी त्याच शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा हा ताठा जरा जास्तच वाटायचा. चहाच्या कपात असा कोणता भ्रष्टाचार दडून बसलाय, असं मी त्यांना चिडवायची. असा हा माणूस अडकला तो एका डब्यामुळे, तोही स्वतःच्याच.

भोकरदनला तालुक्याची भाषणाची स्पर्धा होती. आमच्या शाळेतून एकच मुलगी जाणार होती, सातवीतली आसिफा किंवा आकांक्षा. शनिवारी दोघींची भाषणं ऐकून सर निवड करणार होते. नेमके त्याच आठवड्यात सर जेवणाचा डबा वर्गात विसरले. आसिफा तो पोचवायला निघाली, पण वाटेत तिचं घर आणि घरात तिची आई शकीला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा म्हणजे शकीलाच्या लेखी पापच. तिने त्यात गरमागरम गुलगुले भरून दिले.

सर बाजार करून घरी पोचेपर्यंत त्यांच्या पोरांनी गुलगुले फस्त केले होते. सरांनी बायकोपुढे कपाळावर हात मारला.

"दैवशाला, निवड माझ्या हातात आणि तू त्यांच्या घरचं घेतलंस? उद्या जाऊन सांग, पुन्हा काही पाठवू नका म्हणावं."

दैवशालावहिनी गेल्या. पण असं एखादीच्या तोंडावर कसं बोलायचं? आणि रिकाम्या हाताने तरी कसं जायचं? त्यांनी तोच डबा साखरेने भरून नेला, शकीलाच्या हातात ठेवला आणि "सरांनी पाठवलंय" एवढंच म्हणून परत आल्या.

सरांच्या घरची साखर, तीही निवडीच्या तोंडावर! आसिफाचे वडील कलीमभाई देवळाच्या वाटेवर बांगड्या विकतात. कोणीही जो अर्थ लावला असता तोच त्यांनी लावला. समोरच्या दुकानातून पेढे घेतले आणि गल्लीभर वाटत सुटले. एक पेढा आकांक्षाच्या वडिलांच्या, रखमाजींच्या हातावरही पडला.

रखमाजी तो पेढा तसाच मुठीत धरून शाळेत आले.

"सर, निवड झाली म्हणं. मंग आमच्या पोरीला शनवारी कशाला बोलायला लावता? रोज म्हशीपुढं उभी राहून भाषण करून राह्यली ती."

तेवढ्यात मागून कलीमभाईही हजर. "बिलकुल बराबर निवड केली, सर! तुमची साखर पोचली."

सरांचा चेहरा बघून मला हसू आवरेना. मग दारात उभी असलेली आसिफा दिसली. तिने सगळं ऐकलं होतं.

"सर, आता मी कितीबी चांगली बोलले तरी गुलगुल्यामुळंच गेली म्हणतील. मला असं न्हाई जायचं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

माझं हसू तिथेच विरलं. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं, आणि सरांच्या ताठ्याची किंमतही तेव्हाच कळली.

सरांनी दोघा बापांना बसवून गुलगुल्यांपासून साखरेपर्यंत सगळं सांगितलं. कलीमभाई ओशाळले. रखमाजी मात्र हसून हसून बेजार झाले.

"आता मी निवड करणार नाही," सर म्हणाले. "पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेतल्या बाईंना बोलावतो. त्यांनी गुलगुलेही खाल्ले नाहीत आणि साखरही पाठवली नाही."

"चहा तरी विचारायचा ना त्यांना?" मी म्हटलं.

"मी पाजीन. माझ्या खर्चानं."

रखमाजींनी पेढा कलीमभाईंच्या हातावर परत ठेवला. "हा ठेवा तुमच्यापाशी. शनवारी बघू."

शनिवारी आकांक्षा खणखणीत बोलली. म्हशीने चांगली तयारी करून घेतली होती. पण आसिफा बोलायला लागली आणि पटांगणातली चिल्लीपिल्लीसुद्धा गप्प झाली. बाईंनी तिचं नाव घेतलं. आकांक्षाने जरा नाक ओढलं. रखमाजींनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरूनच ओरडले, "आणा कलीमभाई तुमचा पेढा! आता गोड लागंल."

सोमवारी शकीला स्वतः शाळेच्या फाटकाशी आली. ओढणीखाली सरांचा डबा होता. सर दचकलेच.

"शकीलाभाभी, पुन्हा काही..."

"खोलून तर बघा, सर."

सरांनी झाकण काढलं. घासूनपुसून लख्ख केलेल्या डब्यात काही म्हणजे काही नव्हतं. शकीला मान खाली घालून उभी होती.

"उभ्या जिंदगीत कोणाचा डबा असा धाडला न्हाई. लई शरम वाटून राह्यली. पर पोरगी म्हणली, अम्मी, माझ्यासाठी एवढं कर."

सरांनी तो रिकामा डबा दोन्ही हातांनी घेतला, आहेर घ्यावा तसा.