जगदाळ्यांचे पाव्हणे

ही १९९४ सालच्या जानेवारीतली गोष्ट. तारीख आता आठवत नाही, पण ऊसतोड जोरात चालली होती आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागून आठ-दहा दिवस झाले होते, एवढं पक्कं आठवतं. तेव्हा आम्ही दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझे मालक, पोपट रणपिसे, रेल्वेत फिटर होते. घरात आम्ही दोघं, दहा वर्षांची लेक गौतमी, आणि माझे सासरे म्हाळूआबा.

आबांची एकच बहीण आता हयात होती, नकुशीआत्या. केंदूरला दिलेली. चौथी मुलगी झाली म्हणून घरच्यांनी ते नाव ठेवलं होतं. आबांनी मात्र तिला कधी त्या नावानं हाक मारली नाही, ते तिला 'बाय' म्हणायचे. आई शेतावर जायची तेव्हा आबांनीच तिला कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्या आत्याबाईंचा मुलगा धम्मदीप, त्याचा सकाळी मालकांच्या ऑफिसात फोन आला. आईनं अन्नपाणी सोडलंय, मामाला बघायचंय एवढंच म्हणते, दुसरं काही मागत नाही. मालकांनी त्याला सांगितलं, दुपारी जीपनं निघतो, चौफुला-न्हावरे रस्त्यानं येतो, दिवेलागणीला पोचतो.

आबांना दमा होता. दोन ठिकाणी एसटी बदलणं त्यांना झेपलं नसतं, म्हणून ओळखीच्या भैरू ड्रायव्हरची जीप केली. आबा पुढच्या सीटवर बसले. आत्याबाईंसाठी घेतलेलं लुगडं त्यांनी मागं ठेवू दिलं नाही, सगळ्या वाटेनं मांडीवर धरलं होतं.

पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडला आणि पुढं रस्ता असा नव्हताच. उसाच्या ट्रॅक्टरांनी सगळा उखडून ठेवला होता. एका खड्ड्यात खालून खाडकन आवाज आला. भैरू खाली वाकून बघून आला आणि म्हणाला, "स्प्रिंगचा पाटा तुटला. माणसं बसली तर चाक बॉडीला घासंल. रिकामी न्यावी लागंल चौफुल्याला, आन् नवा पाटा सकाळशिवाय मिळायचा न्हाई."

उन्हं कलली होती. सहा वाजता न्हावऱ्याकडं जाणारी एसटी त्या दिवशी आलीच नाही. आबांची छाती थंडीनं वाजायला लागली होती.

रस्त्यालगतच्या पहिल्या घरी मालक स्वतः विचारायला गेले. घरधनी भला माणूस वाटला. आधी खाट टाकायला निघाला होता. मग नाव विचारलं. मालकांनी सांगितलं, रणपिसे. दोन-तीन प्रश्नांत त्याला जे कळायचं ते कळलं. तो खाटेवरचा हात काढून म्हणाला, "मग न्हावऱ्यातच जावा की. तुमची माणसं हाएत तिथं, सोय व्हईल. सात किलोमीटर तर हाय." आवाज चढवला नाही, वाईट शब्द बोलला नाही. आबांचा श्वास त्याला तिथंही ऐकू येत असणार.

भैरूनं रिकामी जीप हळूहळू पुढच्या वस्तीपर्यंत नेली, आम्ही मागून चालत गेलो. तिथं मालक मला म्हणाले, "इथं तू विचार. बायांचं बाया ऐकतात." आणि ते जीपपाशीच उभे राहिले. म्हणून मी काय बोलले ते त्यांना ऐकू गेलं नाही. आबा मात्र काठी टेकत माझ्या मागं आले होते.

अंगणात एक बाई शेण्या गोळा करत होती. सोजराबाई. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मी गाडी मोडल्याचं सांगितलं. तिनं आबांकडं पाहिलं, गौतमीकडं पाहिलं, आणि विचारलं, "कोण म्हणायचं तुम्ही?"

"जगदाळे," मी म्हणाले. "दौंडचे."

जगदाळे म्हणजे आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या सवितावहिनी. मी ते आधी ठरवलं नव्हतं. त्या दिवसांत मराठवाड्यातून येणाऱ्या जाळपोळीच्या बातम्या रोज पेपरात वाचत होते, त्यात नुकताच पहिल्या घरी नकार मिळालेला. तोंडातून नाव निघून गेलं.

"माहेर?"

"पाटस. शितोळ्यांचं."

"मामा कुठलं?"

तेही सांगितलं. सवितावहिनी रोज संध्याकाळी तांदूळ निवडताना आपल्या सगळ्या गणगोताची माहिती देत बसायच्या, दीर-नणंदा, व्याही, कुणाची सोयरीक कशी मोडली ते. मला सगळं पाठ होतं. कुठं निघालात म्हटल्यावर मी केंदूरही सांगितलं नाही. पाबळला लग्न आहे म्हणाले.

"या की मग," सोजराबाई म्हणाली. "आसं परक्यावानी उभं का?"

मी मागं वळून मालकांना हात केला. जीप खुरडत चौफुल्याकडं गेली, पाट्याचं बघायला मालकही भैरूसोबत गेले.

तिचे मालक हौसराव गोठ्यातून आले. आबांना पाहून त्यांनी हात जोडले, "रामराम, आबा."

माझे सासरे कुणालाही उलट जयभीमच घालायचे. रेल्वेतल्या साहेबालासुद्धा. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

"रामराम," आबा म्हणाले.

हौसरावांनी पडवीत खाट टाकली, वाकळ दिली. सोजराबाईनं ओवा घालून पाणी उकळून दिलं, विटकर तापवून फडक्यात गुंडाळून छातीशी धरायला दिली. त्या बाईनं त्या दिवशी आबांचं जेवढं केलं तेवढं सख्ख्या माणसानं केलं नसतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ते खरं आहे.

मी चुलीपुढं तिला मदतीला बसले.

"दौंडच्या बाया गॅसवर भाकरी करत्यात म्हंत्यात," ती म्हणाली. "धूर सोसंल का?"

"आमच्याकडं अजून स्टोच आहे."

"आगं मग तुझं मालक रेल्वे चालवत्यात का नुसती पुसत्यात?"

मी हसले. तीही हसली. मग गौतमीला ताटावर बसवून विचारलं, "नाव काय गं तुझं, बाळे?"

"गौतमी."

सोजराबाईचा हात जरा थांबल्यासारखा मला वाटला. मी लगेच म्हणाले, "गोदावरीचं नाव आहे ते. आजीनं ठेवलंय."

"आजी शिकलेली दिसती," ती म्हणाली आणि गौतमीच्या भाकरीवर दूध ओतलं.

तेवढ्यात रस्त्यावर मोटरसायकल थांबली. पडवीच्या तोंडाशी हौसराव कुणाशी तरी बोलले. मला शब्द कळले नाहीत. गाडी पुन्हा सुरू झाली, आणि हौसराव आत येऊन पाटावर बसले.

"कोण हुतं?" सोजराबाईनं विचारलं.

"केंदूरचं पोरगं. दौंडच्या रणपिशांची जीप बघितली का म्हणं. म्हाळू नावाचं म्हातारं हाय त्यात. म्हटलं, न्हाई बाबा, आमच्यात जगदाळ्यांचं पाव्हणं हाएत, पाबळला चाललेत. जीप काय माझ्या नदरंला पडली न्हाई."

"काय काम हुतं?"

"आई शिरीयस हाय म्हनला. मामाला पाठीमागं बसवून न्यायला आलाय."

माझ्या हातात थापलेली भाकरी होती. गाडीचा आवाज अजून ऐकू येत होता, पारगावच्या बाजूला जाणारा. उठून अंगणात गेले असते, हाक मारली असती, तर गाडी थांबली असती. मी भाकरी तव्यावर टाकली. मनाशी म्हणाले, सकाळी पोचतोच आहोत. आबांना एवढ्या थंडीत गाडीवर बसवणं बरं नाही. ही सगळी कारणं खरी होती, आणि त्यातलं एकही खरं कारण नव्हतं.

अर्ध्या तासानं तो आवाज परत आला. धम्मदीप पुलापर्यंत जाऊन माघारी निघाला होता. या खेपेला तो थांबला नाही.

मी आबांना भाकरी द्यायला पडवीत गेले. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. मला वाटलं, डोळा लागलाय. ताट झाकून ठेवलं.

सकाळी सातला मालक नव्या पाट्याची जीप घेऊन आले. निघताना सोजराबाईनं मला हळदी-कुंकू लावलं, गौतमीच्या हातात शेंगा दिल्या. आबांनी हौसरावांचे दोन्ही हात धरले.

आम्ही केंदूरला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. गल्लीच्या तोंडापासूनच बायांचं रडणं ऐकू आलं. आत्याबाई आदल्या रात्री दहाच्या सुमाराला गेल्या होत्या. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या. शेजारणी सांगत होत्या, दारात कुणी आलं की मान उचलायची, भाऊ आला का म्हणायची. धम्मदीप पुलावरून परत येऊन घरात शिरला तेव्हाही तिनं तेच विचारलं. आन् तो एकटाच हुता, त्या म्हणाल्या.

धम्मदीप आबांच्या गळ्यात पडला. "मामा, मी पार पुलापतुर आलतो. दिवा दिसंल त्या घरी इचारलं."

"गाडी मोडली हुती, बाबा," आबा म्हणाले.

मालकांना वाटलं, आम्ही कुठं उतरलोय हे त्याला सापडलं नाही. मीही काही बोलले नाही. आबांनी लुगडं बहिणीवर पांघरलं. त्रिसरण म्हणताना त्यांचा श्वास पुरेना, तेव्हा ते नुसते ओठ हलवत राहिले.

पाचव्या दिवशी आम्ही दौंडला परतलो. मालक ड्यूटीवर गेले होते. मी अंगणात भांडी घासत होते आणि आबा पायरीवर उन्हाला बसले होते. मला राहवलं नाही. म्हणाले, "आबा, त्या दिवशी वस्तीवर मोटरसायकल आली होती..."

"धम्मा हुता," आबा म्हणाले. "आवाज वळखला म्या. माझ्या खाटंपासनं चार पावलांवर उभा हुता."

माझे हात राखेतच राहिले. "मग तुम्ही हाक का नाही मारली?"



"तू सांगितल्यालं नाव खोटं पडलं आसतं. पोरगी ताटावर बसली हुती. तिला ताटावरनं उठवली आसती तर?" मग जरा थांबून म्हणाले, "तसं झाल्यालं मला ठावं हाय. आठ वर्साचा आसताना. तिनं कशाला बघायचं?"

"मी तरी यायला हवं होतं बाहेर," मी म्हणाले. "मला कळलं होतं, आबा."

"व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं हुतं, तू येशील."

याच्यावर आबा पुन्हा कधी काही बोलले नाहीत. रागानंही नाही, मायेनंही नाही.

आबा त्यानंतर दोन वर्षं जगले. केंदूरला मात्र पुन्हा गेले नाहीत. आत्याबाईंच्या वर्षदिनालाही दम्याचं निमित्त सांगून घरीच राहिले.

२००३ साली शिरूरला एका लग्नाला जाताना मी वाटेत त्या वस्तीवर उतरले, एकटीच. हौसराव आदल्या वर्षी गेले होते. सोजराबाईनं मला ओळखलं. मी तिला सगळं सांगितलं, खरं नाव, आत्याबाई, धम्मदीप. ती खाली बघत ऐकत होती.

"तवाच सांगायचं हुतं," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर ठेवून घेतलं असतं?"

तिनं घाईनं उत्तर दिलं नाही, याचं मला बरं वाटलं. "म्या घेतलं आसतं," ती म्हणाली. "मालकांचं न्हाई सांगता येत." मग म्हणाली, "पर त्या पोराला म्हातारं दिलं आसतं आम्ही. तेवढं तरी केलं आसतं." पुढं दोन वर्षांनी तीही गेल्याचं कळलं.

भैरूनं जीप विकून दौंडात पंक्चरचं दुकान टाकलं. सवितावहिनी बदली होऊन सोलापूरला गेल्या. त्यांचं नाव मी वापरलं हे त्यांना कधी कळलं नाही. माझे मालक २००८ साली गेले, त्यांनाही मी काही सांगितलं नव्हतं. गौतमी शिरूरला शाळेत शिकवते. तिला त्या मुक्कामातली फक्त दूध-भाकरी आठवते. फार चांगली माणसं होती ती, असं म्हणते, आणि मी हो म्हणते.

धम्मदीप रांजणगावच्या कारखान्यातून आता रिटायर झालाय. दिवाळीत येतो, वहिनी म्हणून पाया पडतो. दर खेपेला एकदा तरी आईचा विषय काढतो आणि म्हणतो, पुलाच्या पलीकडं जाऊन बघायला पाहिजे होतं मी, माझंच चुकलं. मी त्याच्यासमोर बसलेली असते.