पिवळी पट्टी

साक्रीला मुलगी बघायला गेलेल्या हितेंद्रला मुलीनेच पहिला प्रश्न विचारला, "जरा तळहात दाखवता का?"

बैठकीत हशा पिकला. हेमांगीचे वडील झुलालआबा घाईने म्हणाले, "आमनी पोर जोतिष नही सांगस, पानी तपासस! धुळ्याना लॅबमा शे ती."

हितेंद्रने हात पुढे केले. दोन्ही तळव्यांवर तांदळाच्या कणीएवढे कडक दाणे होते.

"केळीचं काम आहे," तो लाजून म्हणाला. "घट्टे पडतात."

"घट्टे असे सुटे सुटे पडत नाहीत," हेमांगी म्हणाली आणि तिने त्याच्या आईचा, धुरपदाबाईंचा हात हातात घेतला. तिथेही तेच दाणे. मानेवर काळसर ठिपके. "काकू, पाणी कुठलं पिता?"

"मळ्यातल्या बोअरचं. लई खोल हाये, मोठं थंडगार!"

निघताना हेमांगीने होकार दिला नाही की नकार. फक्त बोअरच्या पाण्याची बाटली मागितली. घरी, फैजपूरला, पोचेपर्यंत धुरपदाबाई गाडीत धुसफुसत होत्या, "पोरीले पोरगा पाह्यचा व्हता का पानी?"

तरी बाटली धुळ्याच्या लॅबला गेली. काही दिवसांनी हेमांगीने थेट हितेंद्रला फोन लावला. तो केळीच्या बागेत होता.

"तुमच्या पाण्यात आर्सेनिक आहे. खूप जास्त."

"म्हणजे विष?"

"हो. त्याला वास नाही, चव नाही. उकळूनही जात नाही. आजपासून ते पिऊ नका, स्वयंपाकालाही वापरू नका. घरातल्या सगळ्यांना डॉक्टरांना दाखवा. वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कर्करोगापर्यंत प्रकरण जातं."

हितेंद्र मटकन बांधावर बसला. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "आणि माझा होकार आहे."

"विषाला?"

"अहो, तुम्हाला!"

तो उठून पळत सुटला. केळीची पानं तोंडावर सपासप बसत होती. आधी काय सांगावं ते त्याला कळेना. दारातूनच तो ओरडला, "आई, आपण विष पितोय आणि माझं लग्न ठरलं!"

धुरपदाबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला.

जळगावच्या डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं. गाठ किंवा जखम कुणालाच नव्हती. ते पाणी बंद केलं तर ठिपके हळूहळू फिके होतील, पण तपासणी चुकवायची नाही, असं त्यांनी बजावलं. शेजारच्या निंबानानांच्या विहिरीचं पाणी लॅबमध्ये चांगलं निघालं, म्हणून घरात तेच येऊ लागलं. मग हेमांगीने बोअरच्या पाण्यासाठी एक फिल्टर शोधून बसवून घेतला. त्यातले लोखंडी दाणे आर्सेनिक धरून ठेवतात. पाणी घरच्या घरी कसं तपासायचं, हे तिने हितेंद्रच्या बहिणीला, डिंपलला, व्हिडिओ कॉलवर शिकवलं.

हळदीच्या दिवशी एवढी माणसं जेवणार, म्हणून डिंपलने अंगणाच्या कडेला फिल्टरचं पाणी तपासायला घेतलं. बाटलीत पुड्या टाकल्या, झाकणात कागदाची पट्टी बसवली. पट्टी पांढरी राहिली तर पाणी चांगलं. पिवळी पडली तर आर्सेनिक. डिंपल घड्याळ बघत होती. नखशिखांत हळद माखलेल्या नवरदेवाला मात्र दम निघेना. वेळ होताच त्यानेच पट्टी ओढून काढली.

पट्टी पिवळीजर्द!

डीजे बंद पडला. वरण ढवळणारा आचारी डाव धरून तसाच उभा राहिला. डिंपलने रडवेल्या आवाजात साक्रीला फोन लावला. पडद्यावर हेमांगी आली, तीही हळदीने माखलेली.

"वहिनी, पट्टी पिवळी झाली!"

"मधोमध गोल ठिपका आहे?"

"नाही. लांबट डाग आहे. त्यावर बारीक रेषा दिसतायत."

हेमांगीने विचारलं, "पट्टी कुणी काढली?"

सगळा मांडव नवरदेवाच्या बोटांकडे वळला. हेमांगी इतकी हसली की फोन तिच्या हातून सुटला. पडद्यावर नुसतं मांडवाचं कापड, मागे हसण्याचा आवाज आणि झुलालआबांची हाक, "काय व्हयनं? बठ्ठं बरं शे ना?"

दुसरी पट्टी लावली तेव्हा हितेंद्रला हात मागे बांधून गोठ्यापाशी उभं केलं होतं. डिंपलने पट्टी काढून उंच धरली. कापसासारखी पांढरी!

अंगणात एकच गलका झाला. धुरपदाबाई घटाघटा तांब्याभर पाणी प्यायल्या आणि ओरडल्या, "ए डीजेवाल्या, वाजव रे!"

त्यांना नाचताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदर खोचला, डिंपलला ओढलं, निंबानानांना ओढलं आणि अशा काही नाचल्या की बट्ट्या तळणारा आचारीही कढई सोडून मधे घुसला.