अंतरपाटापलीकडे प्रोसेसर

नवा प्रोसेसर अंतरपाटापलीकडे येऊन उभा राहिला त्याला बराच काळ लोटला होता, आणि मंगलाष्टकं काही संपत नव्हती. अंतरपाटाचं उजवं टोक विद्याधर खांबेट्यांच्या हातात होतं. डावं टोक दातीर नावाच्या एका निवृत्त बँक मॅनेजरांकडे. मध्ये कापड, कापडावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि अलीकडे पाटावर नवरी. नवरी म्हणजे खांबेट्यांच्या घरचा मदरबोर्ड. तिला हळद लावली होती ती बेताची, मधला मोकळा चौकोन सोडून, कारण प्रोसेसर त्या चौकोनातच बसायचा होता.

चिप जगभर एकाच मुहूर्तावर बाहेर काढायचं कंपनीने ठरवलं होतं आणि सांगलीच्या वाट्याला विश्रामबागेतलं एक मंगल कार्यालय आलं होतं. यात कुणाला वावगं वाटलं नाही. ऐन लग्नसराईत हॉल मिळाला हेच नशीब. खांबेटे खरं तर मागच्या रांगेत उभे होते. पण गुरुजींनी "मुलीकडचं कोण आहे?" असं विचारलं, आणि ज्याच्या हातात मदरबोर्ड तोच मुलीकडचा, हे उघडच होतं.

"एवढं टोक धरा हो जरा," गुरुजी म्हणाले होते. "दोन मिनिटं."

मागे बायका बोलत होत्या. हळू बोलल्यासारखं करून, पण ऐकू जाईल अशा बेताने.

"मुलगा कसा आहे म्हणे?"

"अजून जन्माला यायचाय. पण घराणं चांगलं."

"मग पलीकडे उभा कोण आहे?"

"तोच."

"बरं. तापट नाही ना? याच्या आधीचा फार तापायचा. घरात दिवसभर पंखा घोंघावायचा नुसता."

"हा थंड आहे म्हणतात. वीज मात्र खातो."

"खाईना का. कामाला वाघ असला म्हणजे झालं. आणि धाकटा?"

"ग्राफिक्सचा ना? तोही आलाय सोबत. थोरल्याच्या तिप्पट अंगाचा आहे. बसायला दोघांची जागा लागते त्याला."

गुरुजींनी डोळे मिटून पुढचं कडवं उचललं.

"ज्याच्या पोटि असंख्य तार वितळे, जो थंड राहे तरी..."

कडवं संपलं की गुरुजी "शुभमंगल" म्हणायचे, आणि "सावधान" हॉलने म्हणायचं. पहिल्या कडव्यांना लोकांनी सढळ हाताने अक्षता टाकल्या. जाणत्यांनी मात्र मूठ रिकामी केली नव्हती. शेवटच्या सावधानसाठी चार दाणे राखायचे असतात, हे चार लग्नं जेवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आता त्या चार दाण्यांचीच काळजी होती. मुठी इतका वेळ आवळलेल्या होत्या की आतला तांदूळ शिजत आला होता. हॉलभर मऊ भाताचा वास सुटला होता आणि काही लोक तोंड फिरवून आपल्या अक्षता खाऊ लागले होते.

दर कडव्याच्या शेवटी सनईवाला सनई ओठांना लावायचा, लोक सरसावायचे, आणि नेमका तेव्हाच जोधपुरी घातलेला कंपनीचा माणूस येऊन गुरुजींच्या कानाशी वाकायचा.

"काय म्हणाले?" खांबेट्यांनी एकदा विचारलं.

"आणखी वेगवान केलाय म्हणाले," गुरुजी म्हणाले. "एक कडवं वाढलं."

टोक धरणाऱ्याला खरं म्हणजे पलीकडचं सहज दिसतं. खांबेट्यांनीही सुरुवातीला मान जराशी वाकवून पाहिली होती. पण मान जेवढी वाकवावी तेवढी कापडाची कड लांब व्हायची. कापड असं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकत सरकत गेलं, आणि शेवटी टोक धरून बाजूला उभे असलेले खांबेटे कापडाच्या बरोब्बर समोर, दोन्ही हात वर करून, नवरीच्या मागे उभे होते. त्यांनी मान वाकवणं सोडून दिलं.

हात वर असलेला माणूस फार वेळ रिकामा राहत नाही. आचाऱ्याने येऊन त्यांच्या उजव्या कोपराला स्टीलच्या पेल्यांची माळ अडकवली. मांडववाल्याने झेंडूच्या तोरणाचं एक टोक त्यांच्या खांद्याला बांधलं आणि ताण बरोबर आहे का ते ओढून पाहिलं.

"अहो, मी माणूस आहे," खांबेटे म्हणाले.

"नाव काय आपलं?" दातीरांनी कापडाच्या दुसऱ्या टोकाकडून विचारलं.

"खांबेटे."

"मग तक्रार कसली करताय?"

खांबेटे तक्रार करणाऱ्यांतले नव्हतेच. तंत्रनिकेतनात यंत्रांची रेखाटनं शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि थांबायचं असेल तर ते कारणासाठी थांबत. कारण बायकोचं, नलिनीचं होतं. त्यांच्या लग्नाच्या कॅसेटला बुरशी लागली होती. बाकी सगळं दिसायचं: जेवणावळ, रुसलेले काका, बुंदीची पातेली. पण अंतरपाट खाली येतो तेवढ्याच जागी नुसता करडा चिखल होता.

"तो खाली आला तेव्हा मी पायाकडे बघत होते," नलिनीने एकदा सांगितलं होतं. "आईने बजावलं होतं, एकदम वर बघायचं नाही. वर बघितलं तोवर तुम्ही हारात अडकला होता. तो मधला चेहरा बघायचा राहिला माझा."

"कसला मधला?"

"कापड गेल्यानंतरचा आणि हार यायच्या आधीचा."

हे तिने सांगितलं तेव्हाच तिच्या नजरेच्या मधोमध डाग पडायला सुरुवात झाली होती. समोरचं दिसेना, कडेचं दिसे. नवऱ्याकडे बघायचं तर ती तोंड खिडकीकडे करायची.

चिखलातून चेहरा काढता येतो असं खांबेट्यांनी वाचलं होतं, आणि त्यांनी घरच्या संगणकाला ते काम लावलंही. चित्र वरून एकेक ओळ करत उतरू लागलं. मांडवाची झालर आली. झालरीखालची ट्यूबलाइट येईपर्यंत पावसाळा सरला. तेव्हा नवी चिप येऊ घातल्याची बातमी आली, आणि खांबेट्यांनी हिशेब करून यंत्र बंद केलं. आज निघालेल्या बैलगाडीला उद्या निघालेली मोटार गाठणारच, असं त्यांनी नलिनीला नीट समजावलं होतं. त्या नव्या चिपसाठी त्यांनी नवा मदरबोर्डही आणून ठेवला. मग कळलं, तिच्या मागून येणारी आणखी चांगली आहे. मग तिच्याही मागून.

"पण बैलगाडी निघाली तरी असती," नलिनी म्हणाली होती.

आता ती हॉलच्या भिंतीला हात लावत लावत येत होती. हॉल मघापेक्षा लांब झाल्यामुळे तिला यायला तीन कडवी लागली. जवळ आल्यावर तिने तोंड सनईवाल्याकडे केलं, म्हणजे ती खांबेट्यांकडे बघत होती.

"हे पेले काय लावलेत तुम्हाला?"

"असू देत. डॉक्टर काय म्हणाले?"

"कडाही चालल्या म्हणाले."

"म्हणजे?"

"म्हणजे चालल्या. घरी चला हो. आपलं जुनंच यंत्र लावा परत. जेवढं दिसेल तेवढं बघीन मी."

"एवढं कडवं होऊ दे, नलू. दोन मिनिटं."

"जुन्याचंही काही खरं नाही. तुमचं इथलं एक कडवं झालं की ते तिथे म्हातारं होतंय. सकाळी बघते तर त्या सपाट स्क्रीनला मागे कुबड आलेलं. चहा होईपर्यंत संगणकाच्या डब्याला फ्लॉपीची फट फुटली."

"आणि चित्र?"

"झालर राहिलीय. ट्यूबलाइट गेली."

खांबेट्यांनी टोक आणखी घट्ट धरलं. मागे परतायची वाटच उरली नसेल तर समोरचं सोडण्यात शहाणपण नव्हतं. गुरुजींनी कडवं संपवलं, सनईवाल्याने गाल फुगवले, कंपनीचा माणूस वाकला, सनईवाल्याने गाल सोडले.

"पलीकडे आहे तरी का कुणी?" नलिनीने विचारलं. "बघितलंत तुम्ही?"

"मला बघता येत नाही."

"मग मी बघून येते."

कंपनीचा माणूस आडवा आला. "मॅडम, अनावरणाच्या आधी कुणाला पाहता येत नाही."

"मला दिसत नाही," नलिनी म्हणाली.

त्याने क्षणभर विचार केला. "मग हरकत नाही," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

ती कापडाची कड चाचपत पलीकडे गेली. कड तिच्यासाठी लांब झाली नाही. खांबेट्यांना तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

"नलू? कसा आहे?"

"इथे एक पाट आहे."

"आणि पाटावर?"

"काही नाही. पाट चांगला आहे. शिसवी वाटतोय हाताला. बसू का जरा? पाय दुखायला लागलेत."

"बस," असं खांबेटे म्हणून गेले. दुखणाऱ्या पायांना दुसरं काय म्हणणार?

पाट किंचित करकरला. कंपनीचा माणूस गुरुजींकडे गेला आणि या वेळी जरा जास्त वेळ वाकला. गुरुजींनी मान डोलावली, घसा साफ केला.

"डोळ्यांनी न दिसे तरीहि न चुके, जी येत आहे अता..."

"मुलगी आहे वाटतं," मागची बाई म्हणाली.

"पुढची आहे ही. मागच्यापेक्षा चांगलीच असणार."

"कधी येतेय?"

"दिवाळीपर्यंत म्हणतात."

"म्हणजे नक्की नाही."

खांबेट्यांनी मान वळवली, जेवढी तोरणाने वळू दिली तेवढी. "ती माझी बायको आहे. ती आलेलीच आहे."

"आली असं आम्ही जाहीर केलेलं नाही," कंपनीचा माणूस म्हणाला. तो आता अगदी जवळ उभा होता, इतका की त्याच्या जोधपुरीची गुंडी खांबेट्यांच्या दंडाला लागत होती. लोकही पुढे सरकले होते. मघाशी लांबलेला हॉल कुणीतरी मागून दुमडत आणल्यासारखा झाला होता. शेवटच्या रांगेचा श्वास पहिल्या रांगेच्या मानेवर, आणि पहिल्या रांगेचा खांबेट्यांच्या. भाताचा वास फार झाला होता. "सर, मी तुमच्या भल्याचं सांगतो. कापड खाली आलं की त्या आजच्या झाल्या. आजच्या झाल्या की जुन्या झाल्या. वर आहे तोवर सगळं सुधारता येतं. पुढच्या आवृत्तीत नजर सुधारतोय आम्ही."

"नजर?"

"कडा तर राहतीलच. मधलंही स्वच्छ. फक्त थोडा वेळ धरा."

खांबेट्यांच्या हातांना मुंग्या येऊन त्याही निघून गेल्या होत्या. कापडावर तिची सावली पडली होती, बसलेली, पदर सारखा करणारी.

"अहो," कापडापलीकडून नलिनी म्हणाली, "इकडे उजेड कमी होतोय. कडेचा."

"थोडी थांब, नलू. डोळे सुधारतायत म्हणतात."

पलीकडे बांगड्या वाजल्या. मग पाट पुन्हा करकरला. सावली उभी राहिली होती.

"कुणाचे?" तिने विचारलं.

गुरुजी कडव्याच्या तिसऱ्या चरणात होते.

"मी या वेळी खाली बघत नाहीये," ती म्हणाली. "खिडकीकडेही नाही. समोर बघतेय. अजून थोडी नजर आहे. सोडा तुम्ही."

खांबेट्यांनी कापडाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. एकट्याने टोक सोडलं तर कापड तिरकं लोंबेल, आणि तिरक्यातून काय दिसणार? "दातीर," ते म्हणाले, "तुम्ही सोडाल का तुमची बाजू?"

"मी?" दातीर म्हणाले. त्यांचे दोन्ही हात पँटच्या खिशांत होते आणि ओठाला शिजलेल्या अक्षतेचं एक शीत लागलं होतं. "मी केव्हाच सोडलंय हो. जेवूनसुद्धा आलो. तुम्हीच धरून आहात."

"सर, विचार करा," कंपनीचा माणूस म्हणाला. "पुढच्या कडव्याला होतंय."

गुरुजींचं "शुभमंगल" अजून यायचं होतं. मागे मुठी वर गेल्याचं खांबेट्यांना न बघता कळलं. कपड्यांची सळसळ झाली आणि मग सगळा हॉल एका श्वासावर थांबला. त्यांनी करंगळी उघडली. मग तिच्या शेजारचं बोट. बोटं इतका काळ मिटलेली होती की एकेकाला नाव घेऊन सांगावं लागत होतं. अंगठा शेवटी सुटला.

कापड एकदम पडलं नाही. ते वरून एकेक सूत करत उतरू लागलं.

आपल्या चेहऱ्यावर आत्ता काय आहे ते खांबेट्यांना कळेना. तो नीट करावा की आहे तसा राहू द्यावा हेही कळेना, आणि तेवढ्यात तिचे केस दिसले. भांग तिने चाचपत पाडलेला होता, जरासा वाकडा. मग कपाळ दिसलं. मग भुवया.

भुवयांपाशी कापड थांबलं.