सहा आकडे आणि अर्धं मिनिट

रक्तपेढीत सकाळचं काम सुरू व्हायचं ते एका हाकेने. "बाई, आकडा सांगा!"

बाई म्हणजे रक्तपेढीच्या प्रमुख. रक्तदात्यांची सगळी यादी कॉम्प्युटरवर होती आणि वर्षभरापासून ती नुसत्या पासवर्डने उघडेनाशी झाली होती. पासवर्ड टाकला की स्क्रीन सहा आकडी कोड मागायची. तो कोड फोनमधल्या एका अ‍ॅपवर दिसायचा आणि दर अर्ध्या मिनिटाला बदलायचा. खरं तर हे अ‍ॅप प्रत्येकाने आपापल्या फोनवर घ्यायचं होतं. पण "चार जणांचे चार फोन म्हणजे चार घोळ, त्यापेक्षा माझ्या एकटीकडे असू द्या," असं बाईंनीच ठरवून टाकलं होतं. मग ज्याला यादी बघायची असेल त्याने केबिनच्या दाराशी यायचं आणि बाईंनी चष्मा सारखा करत, हजेरी घ्यावी तशा सुरात आकडे वाचून दाखवायचे. कामात खोळंबा होतो म्हणून त्या वैतागायच्या. पण आपल्यावाचून कुणाचं पान हलत नाही, हे त्यांना मनातून आवडत होतं.

अडचण व्हायची ती काकांची. काका तिथले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ, निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. हात इतका हलका, की सुई कधी आत गेली हे माणसाला कळायचंही नाही. पण कीबोर्डपुढे बसले की हेच काका एका बोटाने एकेक आकडा हुडकायचे. पाचव्या आकड्याशी येईस्तोवर कोड बदललेला असायचा. मग पुन्हा केबिनच्या दाराशी. "बाई, गेला तो. परत एकदा सांगता का?"

एकदा समोर दोन दाते खुर्चीवर आडवे होते, वॉर्डातल्या नर्सही आल्या होत्या. काका तिसऱ्यांदा दाराशी आले, तेव्हा बाई मोठ्याने म्हणाल्या, "काका, आठ मिनिटांत माणसाची पिशवी भरते हो. तेवढ्यात तुमचे सहा आकडे तरी भरतील का?"

सगळे हसले. काकाही हसले. ते हसले म्हणून बाईंना वाटलं, चालतंय. मग तो विनोद दर दोन दिवसांनी व्हायला लागला आणि हळूहळू काका आकडा मागायला यायचेच बंद झाले.

आकड्यावाचून त्यांचं कसं चालतं, ते दोन महिन्यांपूर्वी कळलं. काकांच्या कोटाच्या खिशात एक जाडजूड वही होती आणि तिच्यात दात्यांचे फोन नंबर होते. तीस वर्षांपासून ते अशा वह्या ठेवत आले होते. बाई कडाडल्या. "लोकांची माहिती अशी खिशात घेऊन फिरता? उद्या बसमध्ये राहिली म्हणजे?" नियमाने त्यांचं बरोबरच होतं. पण त्यांनी वही काढून घेतली ती सगळ्यांसमोर, आणि 'यापुढे असे करणार नाही' असं कागदावर लिहून काकांची सही घेतली. शाळेतल्या पोराकडून घ्यावी तशी. वही केबिनच्या कपाटात गेली.

रविवारी बाईंच्या लेकीने त्यांच्यासाठी नवा फोन आणला. फोटो, नंबर, निरोप, सगळं तासाभरात जुन्यातून नव्यात आलं. जुना फोन पुसून कोरा केला आणि जाताना लेक तो दुकानात द्यायला घेऊन गेली.

सोमवारी सकाळी काउंटरवरच्या मुलीने हाक मारली, "बाई, आकडा सांगा!" बाईंनी नव्या फोनवर अ‍ॅप उघडलं. पांढरी स्क्रीन आणि मधोमध एक ओळ: एकही खाते जोडलेले नाही.

त्यांनी ते बंद करून पुन्हा उघडलं. तीच ओळ. त्यांच्या तोंडातून पटकन निघालं, "आज सिस्टीम बंद आहे. वरूनच बंद आहे."

केबिनमध्ये जाऊन त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी समजूतदार होती. "काही हरकत नाही मॅडम. अ‍ॅप घेतलं त्या दिवशी स्क्रीनवर दहा राखीव कोड आले असतील. अशा वेळेसाठीच असतात ते. कुठे लिहून ठेवलेत?"

बाईंना तो दिवस लख्ख आठवला. दहा कोड आले होते. खाली एक चौकोन होता, 'मी हे कोड जपून ठेवले आहेत'. चहा गार होत होता, म्हणून त्यांनी चौकोनात खूण केली आणि पुढे गेल्या. त्यानंतर आठवड्याभराने त्यांनीच सगळ्या विभागांना तासभर भाषण दिलं होतं, राखीव कोड छापून कुलपात ठेवा म्हणून.

"बघते हं," त्या म्हणाल्या. "इथेच कुठेतरी असतील."

"आणि नाहीच सापडले, तर एक फॉर्म भरावा लागेल. मोठ्या डॉक्टरांची सही लागेल. मग दोन दिवसांत चालू करून देऊ."

मोठे डॉक्टर वरच्या मजल्यावर बसायचे. बाई दोनदा जिन्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. काय सांगायचं? कोणत्या तोंडाने?

साडेबारा वाजता बाळंतीण विभागातून फोन आला. एका बाईचं बाळंतपणानंतर रक्त थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह. फ्रिजमध्ये त्या गटाच्या दोनच पिशव्या होत्या, त्या लगेच वर गेल्या. दुसऱ्या रक्तपेढीत एक मिळाली, पण यायला तास लागणार होता. आणखी तीन तरी हव्या होत्या. म्हणजे दाते बोलवायला हवे होते आणि दात्यांची यादी कुलपात होती.

बाईंना वही आठवली. अगदी त्याच क्षणी आठवली. कपाट त्यांच्या पाठीमागेच, खुर्चीवरून हात पोचेल इतकं जवळ होतं.

तरी त्या उठल्या नाहीत. त्यांनी पुन्हा पासवर्ड टाकला. मग कोडाच्या चौकटीत मनातले सहा आकडे टाकले. चूक. लेकीची जन्मतारीख टाकली. चूक. आपण हे काय करतोय, हे त्यांना कळत होतं. ती वही बाहेर काढायची म्हणजे ती काकांच्या हातात द्यायची, आणि सगळे बघणार. वर एका बाईचं रक्त जात होतं आणि खाली दार लोटून त्या आकडे टाकत होत्या. अशी वीस मिनिटं गेली. भिंतीवर समोरच घड्याळ होतं, म्हणून नेमकी वीस.

शेवटी त्यांनी कपाट उघडलं. तेही आपणच गुपचूप फोन करू, कुणाला कळायला नको, अशा बेताने. पण वहीचा त्यांना काही उपयोग नव्हता. तिच्यात एकही नाव नव्हतं. 'बेकरीवाल्यांचा जावई.' 'जुळ्यांचा बाप.' 'उंच मास्तर.' 'हिला सुईची भीती, बोलतं ठेवावं.' पुढे नंबर आणि बारीकबारीक खुणा, गोल, त्रिकोण, ठिपके. गट कुठेच लिहिलेला नव्हता.

वही घेऊन त्या बाहेर आल्या. काका बेसिनपाशी हात धूत होते.

"काका," बाईंनी वही पुढे केली. "ही जरा... ओ निगेटिव्ह कुठले यातले?"

काकांनी हात पुसले, चष्मा लावला. पानं न चाळता वही थेट हवी तिथे उघडली. "त्रिकोण म्हणजे ओ निगेटिव्ह. आत ठिपका असेल तो हाकेसरशी येणारा." आणि फोन उचलला. "मास्तर, वर्गावर आहात का? हो, तसंच आहे. बाळंतीण आहे. या." मग दुसरा. "ताई, पोरांना शेजारी ठेवता येईल का तासभर?"

तासाभरात तिघं आले. तोवर बाहेरची पिशवीही पोचली होती आणि तिने वेळ मारून नेली. तातडीच्या तपासण्या झाल्या, जुळवणी झाली, पिशव्या एकेक करून वर गेल्या. साडेचारला वॉर्डातून फोन आला, रक्त थांबलंय, बाळंतीण शुद्धीवर आहे, बाळही छान आहे. "आणखी अर्ध्या तासाने आमच्या हातात काही उरलं नसतं," वॉर्डातल्या डॉक्टरीण म्हणाल्या. त्या आभार मानत होत्या. बाईंना मात्र भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं.

मग मोठे डॉक्टर स्वतः खाली आले. "बाई, शाबास! सिस्टीम बंद असताना सांभाळलंत."

हीच वेळ होती. सगळे बघत होते. बाई म्हणाल्या, "सगळ्यांनीच केलं, सर."

डॉक्टर गेले. माणसं पांगली. काका कोट काढून खुंटीला लावत होते. पाठ वळवूनच म्हणाले, "बाई, तो फॉर्म आजच भरून टाका. दोन दिवस लागतात म्हणे."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही ऐकलंत? सकाळी?"

"केबिनच्या शेजारीच तर बसतो मी."

"मग बोलला का नाहीत? तेव्हाच? सगळ्यांसमोर सांगायचंत!"

काका वळले. रागावलेले वाटत नव्हते, हेच जास्त लागलं. "मी काय बोलणार, बाई? मला तर सहा आकडेसुद्धा जमत नाहीत."

बाई जिना चढल्या. या वेळी परतल्या नाहीत. डॉक्टरांसमोर उभ्याने सगळं सांगितलं: नवा फोन, खूण केलेला चौकोन, सिस्टीम बंद असल्याची थाप, वही. इथवर डॉक्टर मान हलवत ऐकत होते. वीस मिनिटांशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वही आहे हे माहीत असताना?"

"हो सर."

"लेखी द्या," एवढंच ते म्हणाले. काही वेळापूर्वी शाबास म्हणणारा आवाज हा नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तेच रक्तपेढीत सगळ्यांना सांगितलं आणि काकांची माफी मागितली. विनोदांची, वहीची आणि त्या सहीची. काका म्हणाले, "असू द्या." पण त्या दिवसापासून त्यांना 'बाई' न म्हणता 'मॅडम' म्हणायला लागले, ते शेवटपर्यंत.

यादी गुरुवारी उघडली. वरून हुकूम आला, की अ‍ॅप आता प्रत्येकाच्या फोनवर असेल आणि राखीव कोड मोठ्या डॉक्टरांच्या तिजोरीत. काकांच्या फोनवर ते घालून द्यायला बाई पुढे झाल्या होत्या, पण काका काउंटरवरच्या मुलीकडे गेले. केबिनचं दार उघडं होतं. आतून बाईंना दोघं दिसत होते.

"घाई नका करू काका," ती सांगत होती. "हा जो गोल आहे ना, तो संपत आलाय, म्हणजे हा कोड जाणार. जाऊ द्या त्याला. नवा आला की मग सुरुवात करा. पुरं अर्धं मिनिट मिळतं."

काका थांबले. नवा कोड आला. एका बोटाने, एकेक करत, त्यांनी सहाही आकडे टाकले. यादी उघडली.

"अरेच्चा!" ते म्हणाले. "एवढंच होतं?"

बाईंनी समोरच्या कागदावर मान खाली घातली. नवा कोड येईपर्यंत थांबायचं, हे त्यांना पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. त्या स्वतः तसंच करायच्या. काका दाराशी यायचे, तेव्हा गोल संपत आलेला त्यांना दिसायचा, तरी त्या आकडे वाचून मोकळ्या व्हायच्या. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं आणि माफी मागतानाही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. आताही त्या उठल्या नाहीत. बाहेर काका यादी बंद करून, नवा कोड टाकून ती पुन्हा उघडून बघत होते, हसत.