पाच नंबरचं तेल

दसऱ्याच्या सकाळी मखमलाबादच्या मळ्यात व्हॅन धुऊनपुसून उभी होती. पूजेचं ताट तयार होतं, पण सहादू नाना अजून गाडीखाली होते. गिअरबॉक्समधलं जुनं तेल त्यांनी घमेल्यात काढलं आणि पाठीवर सरकत बाहेर आले. पूजेआधी तेल बदलायचं हा त्यांचा दरवर्षीचा नेम. तरुणपणी त्यांनी अर्ध्या तालुक्याचे ट्रॅक्टर खोलून जोडले होते. आता डोळे अधू झाले होते. बोटांना सगळं कळे, फक्त बारीक अक्षर लागत नसे.

ओट्यावर तेलाचे दोन नवे डबे होते. धाकट्या मुलाने, दीपकने, सातपूरच्या कारखान्यातून सुटल्यावर नानांच्या सांगण्यावरून आणलेले. डबे एकसारखेच, फक्त एकावर जीएल-चार लिहिलेलं, दुसऱ्यावर जीएल-पाच.

"सुवर्णा," नाना सुनेला म्हणाले, "गाडी तू चालवती. मग तूच सांग, गिअरबॉक्समधी कोणतं वतू?"

अंगणात सगळे होते. दीपक, थोरला भारत, भारतचा समर्थ. सुवर्णाने दोन्ही डबे फिरवून पाहिले. दीपकला पाळ्या असायच्या म्हणून दोन वर्षांपूर्वी ती गाडी शिकली, आणि तेव्हापासून घरची शेवंती-झेंडू रोज पहाटे पंचवटीच्या फूलबाजारात तीच नेत होती. व्यापारी तिला नावाने ओळखत. पण तेलाचं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"पाच," ती म्हणाली. "चारपेक्षा पाच भारीच असणार ना, नाना?"

"भारी हाय," नाना म्हणाले. "ऐकलं ना रे सगळ्यांनी? पाच म्हणती."

भारत हसला. "गाडीला पण प्रमोशन दिलं सुवर्णानं."

नानांनी पिचकारीत तेल ओढलं आणि पुन्हा गाडीखाली सरकले. आतूनच त्यांचा आवाज आला, "एक ध्यानात ठेव. समर्थला अठरा पुरी झालीत. लायसन काढलंय त्यानं. तुझ्या हातात गाडी नीट राहिली तर किल्ली तुझी. बिघडली, तर समर्थची."

"राहील नीट," सुवर्णा म्हणाली.

पूजा झाली. सुवर्णाने चाकांखाली लिंबं ठेवली आणि व्हॅन त्यांच्यावरून पुढे घेतली.

सुवर्णाची मुलगी सृष्टी दहा वर्षांची होती. सुट्टी लागली की ती आजोबांच्या पत्र्याच्या खोलीतच असायची. नाना तिच्याइतके कुणाशीच बोलत नसत. ती नटाला बोल्ट म्हणाली तर ते काम थांबवून तिचा हात धरत, आटे दाखवत, आणि तिच्याकडून बरोबर शब्द वदवून घेतल्याशिवाय पुढे जात नसत. बदल्यात ती त्यांचे डोळे व्हायची. डब्यावरची अक्षरं, पान्यावरचे आकडे, सगळं तीच वाचून सांगायची.

दिवाळीच्या सुट्टीत तिने विचारलं, "आजोबा, तेलं दोन का असतात?"

नाना विषय बदलणार होते. पण लेकराने विचारलेल्या प्रश्नाचं खोटं उत्तर द्यायचं त्यांना जमत नसे. त्यांनी खोक्यातून पितळेच्या दोन जुन्या रिंगा काढल्या.

"ही रिंग गिअरमधी असती. आता तू आन् तुझी मैत्रीण पळताय. ती जोरात, तू हळू. तिचा हात धरायचा, तर आधी काय करशील?"

"तिच्याइतकं जोरात पळीन."

"नायतर?"

"नाहीतर हिसका बसेल. पडेन."

"हां. तर दोन गिअर तसेच पळत असतात. ही रिंग आधी जाऊन पुढच्याला घासती, दोघांचा वेग सारखा करती, मग ते एकमेकांत बसतात. म्हणून ती पितळेची. मऊ. आता तेल. पाच नंबरमधी गंधकाचं औषध जास्त. मागच्या चाकांच्या मधी जो गोळा दिसतो ना, त्यातल्या पोलादी दात्यांवर लय भार येतो, त्यांना ते लागतं. पण पितळेला ते हळूहळू खातं. आन् रिंगेला इतकं गुळगुळीत करतं की तिला पकडताच येत नाय."

"मग गिअरबॉक्सला चार?"

"आपल्या गाडीला चारच. कोणत्या गाडीला काय, ते तिच्या पुस्तकात बघायचं. मोठा आकडा बघून भुलायचं नाय. पण माझ्यावर इश्वास ठेवू नको, करून बघ."

स्टीलच्या दोन डब्यांत दोन तेलं घेतली, प्रत्येकीत एक रिंग टाकली. सृष्टीने आईच्या नेलपॉलिशने झाकणांवर ४ आणि ५ लिहिलं. नानांनी दोन्ही डब्या आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीच्या वैलावर ठेवल्या, रोज गरम होतील अशा.

"शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांड," नाना म्हणाले. "पण तोवर कुणाला सांगायचं नाय. आईला पण नाय. मजा जाईल."

सृष्टीने गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

थंडी पडली तशी व्हॅन कुरकुरू लागली. सुरुवातीला फक्त सकाळी, दुसरा गिअर टाकताना. सुवर्णा थोडं थांबून, क्लच दोनदा दाबून टाकायची. मग मार्गशीर्ष आला. गुरुवारच्या पूजेसाठी फुलांना मागणी, गाडी काठोकाठ भरलेली, आणि मखमलाबाद नाक्यावर गिअर पडेना. कर्रर्र असा आवाज झाला की टपरीवरची माणसं मान वळवत.

"वहिनी, सकाळी सकाळी भांडण कुणाशी?" एक हमाल ओरडला.

घरी तिने सांगितलं, "नाना, गिअर कुरकुर करतोय. एकदा बघता का?"

"क्लच पुरता दाबत नसशील."

"पुरता दाबते."

"मग हात जड असंल. गिअर म्हणजे पाटा-वरवंटा नाय."

समर्थ फिदीफिदी हसला. दीपक रात्रपाळी करून आला होता. तो ताटातच बघत म्हणाला, "नाना म्हणतात तसं कर थोडे दिवस."

तिने केलं. पाय दुखेपर्यंत क्लच दाबला. गिअर इतका हळू टाकायची की मागचे हॉर्न वाजवत. स्वतःच्या हाताकडे बघायची, खरंच जड झालाय का म्हणून. सृष्टी तिच्या शेजारी बसून शाळेत जायची तेव्हा तिलाही तो आवाज ऐकू यायचा. पण गाडीत चार नंबरचंच तेल आहे असं ती धरून चालली होती, कारण गाडीचं तेल आजोबा बदलत. दसऱ्याला डबे निवडले तेव्हा ती मळ्याच्या टोकाला आपट्याची पानं तोडत होती.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी दुसरा गिअर पडायचाच बंद झाला. फुलं रिक्षाने पाठवावी लागली.

रविवारी नानांनी अंगणात गोणपाट पसरून गिअरबॉक्स खोलला. सगळं घर भोवती जमलं. सृष्टी नेहमीच्या जागी, आजोबांच्या उजव्या हाताला. नानांनी एक रिंग काढली, चिंधीने पुसली आणि वर धरली. ती काळपट पडली होती, कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

"बघा," ते म्हणाले. "हे बाईच्या हाताचं काम. आता नवीन घालावी लागंल."

सृष्टीने रिंग हातात घेतली, बोट फिरवलं, आणि आनंदाने जवळजवळ ओरडलीच.

"नाही आजोबा! हे हाताने नाही झालं. हे पाच नंबरने झालं!"

कुणी थांबवायच्या आत ती चुलीकडे पळाली आणि दोन्ही डब्या घेऊन आली. चारच्या डबीतली रिंग पिवळीधमक होती. पाचच्या डबीतली गाडीतल्या रिंगेसारखी काळी. तिने तिन्ही गोणपाटावर ओळीने मांडल्या आणि आजोबांकडे पाहिलं, शाबासकीसाठी.

"बरोबर ना, आजोबा? तुम्हीच शिकवलं."

नाना हात पुसत राहिले.

"कधी शिकवलं?" सुवर्णाने विचारलं.

"दिवाळीच्या सुट्टीत. प्रदर्शनासाठी. पण गाडीत पाच कुणी ओतलं?"

सुवर्णा सासऱ्यांकडे वळली. "दिवाळीत तरी तेल काढता आलं असतं. तेव्हा रिंगा शाबूत होत्या."

"तेल तू निवडलं. चारचौघात."

"तुम्हाला माहीत होतं. मला एक शब्द बोलायचा होता तुम्ही."

"चुकल्याबिगर माणूस शिकत नाय."

"सृष्टी नटाला बोल्ट म्हणाली तरी हात धरता तुम्ही तिचा."

"ती आपल्या रक्ताची हाय," नाना म्हणाले. आवाज चढला नाही. एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तसं म्हणाले.

सुवर्णाने नवऱ्याकडे पाहिलं. दीपक खाली बसून विखुरलेले नट डबीत भरू लागला. "जाऊ दे ना आता," तो म्हणाला. भारतने घसा साफ केला. "पण नाना, ठरलं होतं ते ठरलं होतं. गाडी बिघडली. किल्ली समर्थची."

नानांनी मान डोलावली. सुवर्णाने कमरेची किल्ली सोडवली आणि समर्थच्या हातात न देता गोणपाटावर, काळ्या रिंगेशेजारी ठेवली.

त्या संध्याकाळी तिने सृष्टीच्या दोन्ही डब्या बांधावर नेऊन ओतल्या.

"माझं प्रदर्शन!" सृष्टी रडत म्हणाली. "मी काय केलं?"

"काही नाही केलंस. पण आजोबांजवळ बसायचं नाही आता. इथे माझ्याजवळ बसायचं. माळा करायच्या."

"कधीपर्यंत?"

सुवर्णाने सृष्टीला सुईत दोरा ओवून दिला.

आठवड्याने नव्या रिंगा बसवून गिअरबॉक्स गाडीला लागला. दीपकने पुन्हा दोन डबे, गिअरबॉक्सला चार आणि मागच्या गोळ्याला पाच, आणून ओट्यावर ठेवले आणि तो पाळीवर गेला. समर्थ किल्ली बोटात फिरवत फोनवर बोलत फाटकाशी उभा होता. सुवर्णा आणि सृष्टी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला शेवंती ओवत होत्या.

नाना गाडीखालून बाहेर आले. सवयीने उजवा हात मागे नेला. हातात कुणी काही दिलं नाही. त्यांनी एक डबा उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"समर्थ, वाच रे हे."

"एक मिनिट, नाना," समर्थ म्हणाला आणि फाटकाबाहेर गेला.

नानांनी फाटकाकडे पाहिलं. मग त्यांनी डबा सृष्टीकडे वळवला. आवाज एकदम मऊ झाला होता.

"पोरी, एवढं सांग. हा चारचाच ना?"

ओट्याच्या या टोकावरूनही आकडा स्पष्ट दिसत होता. पाच. सृष्टीने आईकडे पाहिलं. सुवर्णालाही तो दिसत होता. तिची सुई फुलाच्या देठाशी थांबली. मग देठातून आरपार गेली, आणि तिने पुढचं फूल उचललं.

"हो, आजोबा," सृष्टी म्हणाली. "चारचाच."

"शाबास," नाना म्हणाले, आणि डब्याचं झाकण फिरवू लागले.